डिस्चार्जनंतरचे ४२ दिवस : बाळंतिणीच्या तब्येतीवर लांबून लक्ष कसं ठेवायचं

बाळंतपणानंतर रक्तदाब सर्वांत वर चढतो तो साधारण तिसऱ्या ते सहाव्या दिवशी. नॉर्मल बाळंतीण तोवर घरी पोचलेली असते आणि सिझरची निघायच्या तयारीत असते. घर म्हणजे बहुतेक वेळा माहेर. दवाखाना कोल्हापुरात, सासर कागलला आणि माहेर गगनबावड्याकडच्या एखाद्या वाडीत, असं चित्र जिल्ह्यात नेहमीचं आहे. नेमक्या याच दिवसांत घरात पाचवीची तयारी, पाहुण्यांची ये-जा आणि बाळाचं दूध-शी-शू यांत सगळे गुंतलेले असतात. बाळंतिणीचा बीपी मोजायला कुणी नसतं. चढलेल्या बीपीमुळे येणारे झटके (फिट) बहुतेक वेळा पहिल्या ४८ तासांत येतात, पण काही जणींना त्यानंतरही, काही आठवड्यांपर्यंत येऊ शकतात. गरोदरपणात बीपी कायम नॉर्मल असलेल्या बाईलाही बाळंतपणानंतर पहिल्यांदा बीपी चढू शकतो.

म्हणून ही देखरेख फोनवरून करायची. महिन्याला दहा-वीस डिलिव्हरी करणारी शहरातली प्रसूतिगृहं, प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर व सिस्टर आणि घरचे लोक यांना डोळ्यांसमोर ठेवून पुढची पद्धत लिहिली आहे. यासाठी ॲप लागत नाही. अमेरिकेत फिलाडेल्फियात बीपीवाल्या बाळंतिणींना मशीन देऊन घरी पाठवलं आणि दहा दिवस, दिवसातून दोनदा, साध्या मेसेजवर आकडे मागवले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या तुलनेत पहिल्या दहा दिवसांतला बीपी मिळाला तो मेसेजवाल्या गटातल्या सुमारे ९२ टक्के बायकांचा. ‘ओपीडीत येऊन दाखवा’ असं सांगितलेल्या गटात हेच प्रमाण सुमारे ४४ टक्के होतं. ओल्या बाळंतिणीला एसटीने किंवा वडापने दवाखान्यात बोलावणं किती अवघड आहे, हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको.

आकडा कोण बघणार, हे सगळ्यांत आधी

मशीन घेण्याआधी माणूस नेमा. आकडे आले आणि रात्रभर कुणी उघडलेच नाहीत, तर ते न मागवलेलेच बरे, कारण ‘पाठवलंय म्हणजे डॉक्टरांनी बघितलं असेल’ या भरवशावर घरचे निवांत झोपतात.

काम वाटतं तेवढं मोठं नाही. महिन्याला २० डिलिव्हरी असतील, तर कोणत्याही दिवशी पहिल्या दहा दिवसांत असलेल्या बायका सहा-सात भरतात. प्रत्येकीचे दोन मेसेज धरले, तरी रोजचे १३-१४ आकडे होतात. सकाळी ८ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ७ अशा दोन वेळा ठरवा. ड्युटीवरच्या एका सिस्टरचं नाव वहीच्या वर लिहा आणि तिच्या सुटीच्या दिवशी कोण, हेही लिहा. मेसेजसाठी दवाखान्याचा स्वतंत्र मोबाईल ठेवा. सिस्टरच्या खाजगी नंबरवर सुरू केलेली व्यवस्था तिनं नोकरी बदलली की त्याच दिवशी बंद पडते.

वहीत रकाने एवढेच : नाव, डिलिव्हरीची तारीख व प्रकार, आज कितवा दिवस, सकाळचा बीपी व नाडी, संध्याकाळचा बीपी व नाडी, ताप, तक्रार, काय सांगितलं, कुणी सांगितलं. शेवटचे दोन रकाने लोक गाळतात, पण पुढे काही बिघडलं तर शोध याच दोन रकान्यांत घ्यावा लागतो.

सकाळी १० पर्यंत आकडा आला नाही, तर फोन करायचा. तिनं उचलला नाही तर नवऱ्याला, त्यानंही नाही तर माहेरच्या घरी, मग आशाताईला. न आलेला आकडा हाही इशाराच आहे. डोकं फुटायची वेळ आलेली बाई मेसेज करत बसत नाही.

मशीन कोणतं आणि पट्टा कसा

दंडाला बांधायचं डिजिटल मशीन घ्या. मनगटाचं नको, हात थोडा खाली-वर झाला तरी त्याचा आकडा बदलतो. गरोदर बायकांवर तपासून प्रमाणित केलेलं मॉडेल मिळालं तर तेच घ्या, कारण प्रीएक्लॅम्प्सियात (गरोदरपणातल्या बीपीच्या आजारात) काही साधी मशीन बीपी खरा आहे त्यापेक्षा कमी दाखवतात.

पट्ट्याकडे मात्र नीट लक्ष द्या. खांदा आणि कोपर यांच्या मधोमध दंडाचा घेर टेपनं मोजा. सोबत येणारा पट्टा बहुतेक वेळा २२ ते ३२ सेंटिमीटरचा असतो. दंड ३४ भरला आणि तोच पट्टा ओढून बांधला, तर बीपी खोटाच जास्त येतो आणि नसलेल्या बीपीसाठी गोळी सुरू होते. बारीक दंडाला मोठा पट्टा बांधला, तर तो खोटाच कमी येतो. ते जास्त धोक्याचं, कारण कुणाला संशयच येत नाही. मोठा पट्टा वेगळा विकत मिळतो, तो एखादा तरी दवाखान्यात हवा.

देण्याआधी मशीन दवाखान्यातल्या बीपी मशीनशी ताडून पहा. त्याच बाईचा, त्याच हाताचा, दोन मिनिटांच्या अंतरानं. दोन-तीन वेळा मोजून फरक सतत १० च्या वर येत असेल, तर ते मशीन बाजूला ठेवा. महिन्याला २० डिलिव्हरी असणाऱ्या दवाखान्याला बीपीवाल्या बायकांसाठी अनामत घेऊन फिरवायला चार-पाच मशीन साधारण पुरतात. सोबत एक डिजिटल थर्मामीटर आणि जास्तीचे सेल द्या. ऑक्सिमीटर प्रत्येकीला लागत नाही. हृदयविकार, खूप कमी हिमोग्लोबिन किंवा छातीचा त्रास असेल तिला द्या.

शिकवणं डिस्चार्जच्या आदल्या दिवशी

डिस्चार्जच्या सकाळी बिल, कागद, गाडी, बाळाचं गुंडाळणं यांत कुणाचं डोकं ठिकाणावर नसतं. आदल्या संध्याकाळी अर्धा तास काढा. बाळंतिणीला आणि माहेरी जी व्यक्ती जवळ असणार आहे तिला, दोघींना शिकवा. दवाखान्यात सासू थांबली आणि घरी आई आहे, असं असेल तर आईला व्हिडिओ कॉलवर घ्या. सांगून थांबू नका, त्यांच्याकडून तीन वेळा मोजून घ्या आणि तिथूनच पहिला मेसेज पाठवायला लावा.

मोजताना हे पाळायचं :

लघवीला जाऊन यायचं. चहा, अंघोळ, शेक-शेगडी किंवा मालीश झाल्यावर निदान अर्धा तास थांबायचं. बाळाला पाजताना मोजायचं नाही. बाजेवर पाय लोंबकळत ठेवून बसू नये. खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीला लावून, मांडी न घालता पाच मिनिटं गप्प बसायचं. खुर्ची नसेल तर भिंतीला टेकून बसलं तरी चालेल, पण रोज तसंच. स्वेटरची बाही गुंडाळून वर चढवली की ती दंडाला आवळते, त्यामुळे हातच बाहीतून काढावा. पट्टा कोपराच्या वर दोन बोटं सोडून, आत एक-दोन बोटं शिरतील इतपत घट्ट. हात उशीवर, पट्टा छातीच्या पातळीला. मोजताना बोलायचं नाही आणि बाळ रडलं म्हणून उठायचंही नाही. तसं झालं तर तो आकडा सोडून परत मोजायचा. एक मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजून दोन्ही आकडे पाठवायचे.

आकडा टाईप करण्यापेक्षा मशीनचा फोटो चांगला, त्यात वेळ, नाडी आणि चुकीची खूण सगळं दिसतं. साधा बटणांचा फोन असेल तर ‘१३२ ८६ ९०’ एवढा एसएमएस पुरे : वरचा, खालचा, नाडी. राधानगरी, शाहूवाडी, गगनबावडा भागात इंटरनेट गायब असतानाही एसएमएस किंवा कॉल बऱ्याचदा लागतो, म्हणून व्हॉट्सॲपवर सगळी भिस्त ठेवू नका. तिच्या फोनमध्ये रिचार्ज आहे का, तेही विचारा.

घरोघर होणारी एक गडबड अशी की बाळंतिणीसाठी आलेल्या मशीनवर आजी, काका, शेजारीण सगळे बीपी मोजतात. मग ‘मेमरीतला बघून पाठवला’ म्हणून आलेला १७० आजीचा निघतो. मशीनमध्ये दोन माणसांची सोय असेल, तर एक बटण फक्त बाळंतिणीचं ठेवा, आणि जुना आकडा न पाठवता मोजल्या-मोजल्या पाठवायला सांगा. सेल बदलले की बऱ्याच मशीनचं घड्याळ शून्यावर जातं, तेव्हा फोटोतली वेळ खरी मानू नका. सेल उतरले की मशीन अर्धवट फुगून चूक दाखवतं. घरचे ते ‘मशीन बिघडलं’ म्हणून कपाटात ठेवून देतात. आधी सेल बदलायला सांगा.

किती दिवस, कितीदा

गरोदरपणात किंवा डिलिव्हरीवेळी बीपी वाढलेला होता, तिनं दहा दिवस सकाळ-संध्याकाळ मोजायचं. गोळ्या चालू असतील तर त्यापुढे गोळी बंद होईपर्यंत रोज एकदा. बाकीच्यांनी निदान सातव्या दिवसापर्यंत रोज एकदा, मग आठवड्याला एकदा. ज्यांच्याकडे मशीन नाही त्यांचा तिसऱ्या ते सहाव्या दिवसातला एक बीपी उपकेंद्रावर किंवा सीएचओकडून (समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडून) मोजून घ्या.

आशाताईच्या घरभेटी दवाखान्यातल्या नॉर्मल डिलिव्हरीनंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी ठरलेल्या आहेत. अडचण अशी की बाईची नोंद सासरच्या गावच्या यादीत असते आणि ती असते माहेरी. म्हणून डिस्चार्जच्या दिवशीच माहेरच्या गावच्या आशाताईला एक फोन करा. दोन मिनिटांचं काम आहे, पण ते न केल्यामुळे बाई दोन्ही गावांच्या यादीतून निसटते.

कोणत्या आकड्याला काय करायचं

वरचा १४० च्या आत आणि खालचा ९० च्या आत, काही तक्रार नाही : ‘बीपी ठीक आहे, गोळी चालू ठेवा, संध्याकाळी परत मोजा’ असं उत्तर पाठवा. चांगल्या आकड्यालाही उत्तर जायलाच हवं. उत्तर आलं नाही की चौथ्या दिवशी मेसेज बंद होतात.

वरचा १४० ते १४९ किंवा खालचा ९० ते ९९ : त्याच दिवशी डॉक्टरांच्या कानावर घाला, चार तासांनी परत मोजायला सांगा. गोळी घेतली का, कधी घेतली, तेही विचारा.

वरचा १५० ते १५९ किंवा खालचा १०० ते १०९ : सिस्टरनं लगेच डॉक्टरांना फोन करायचा आणि डॉक्टरांनी बाईशी स्वतः बोलायचं. गोळी सुरू करणं किंवा वाढवणं बहुधा इथेच लागतं. २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांप्रमाणे नोंदणीकृत डॉक्टर असा सल्ला आणि चिठ्ठी देऊ शकतात, मात्र त्याची नोंद ठेवावी लागते.

वरचा १६० किंवा जास्त, किंवा खालचा ११० किंवा जास्त : १५ मिनिटांनी एकदाच परत मोजायचं. तेवढ्या वेळात गाडीची जुळवाजुळव सुरू करायची. पुन्हा तसाच आला तर निघायचं. सकाळची वाट बघायची नाही, घरी गोळी देऊन झोपवायचं नाही.

याशिवाय एक नियम सगळ्यांवर भारी आहे. १४०/९० च्या वर बीपी आणि सोबत जोराचं डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमकणं, बरगडीखाली उजवीकडे किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखणं, दम लागणं, यांपैकी काहीही असेल तर पुन्हा मोजत बसू नका, थेट दवाखाना. सिझरनंतर कमरेतल्या भुलीचंही डोकं दुखतं. ते बसलं-उठलं की वाढतं आणि आडवं झालं की उतरतं. पण बीपी बघितल्याशिवाय ‘भुलीचंच असेल’ असं कुणी म्हणू नये.

बीपी एकदम खाली येणंही बघा. वरचा ९० च्या खाली, किंवा नाडी जवळजवळ वरच्या बीपीइतकी (वरचा ११०, नाडी १०० च्या पुढे) म्हणजे रक्तस्रावाचा संशय धरायचा. आकडे सुटे सुटे बघितले तर दोन्ही ‘फार काही नाही’ वाटतात. एकत्र बघितले तर ही तातडीची वेळ आहे. नुसती नाडी १२० च्या वर असली तरी डॉक्टरांशी लगेच बोला.

गोळ्यांबाबत दोन गोष्टी वारंवार होतात. दोन दिवस बीपी चांगला आला की गोळी बंद केली जाते, पण तो चांगला आलेला असतो गोळीमुळे. आणि ‘अंगावर पाजते, मग गोळी नको’ असं कुणीतरी सांगतं. निफेडिपिन, लॅबेटॅलॉल, एनालाप्रिल ही औषधं पाजणाऱ्या आयांना देतात. बदल करायचा तर डॉक्टरच करतील. रक्तस्राव कमी व्हावा म्हणून मिळणारी मिथाईलअर्गोमेट्रीनची गोळी मात्र बीपी चढवते. बीपीवाल्या बाईच्या चिठ्ठीत ती असेल, तर घ्यायच्या आधी डॉक्टरांना दाखवा.

मशीनला न दिसणारं

‘अंगावरनं किती जातंय?’ याला उत्तर येतं ‘नेहमीसारखं’. त्यातून काही कळत नाही. पॅड मोजायला सांगितलं तर खेड्यात अनेकजणी जुन्या लुगड्याच्या घड्या वापरतात. म्हणून असं विचारा : सकाळपासून किती वेळा बदललं? तासाभरात पूर्ण भिजतंय का? उठून उभं राहिल्यावर पायावरनं ओघळतं का? लिंबापेक्षा मोठी गाठ पडली का? शेवटच्या तीनपैकी एकालाही ‘हो’ आलं तर दवाखाना. पहिले तीन-चार दिवस लाल, मग गुलाबी-तपकिरी, दहा-बारा दिवसांनी पिवळट-पांढरं, हा नेहमीचा क्रम. मध्येच पुन्हा लालभडक झालं किंवा घाण वास आला, तर आत काही राहिलंय किंवा जंतुसंसर्ग झालाय असं समजून तपासणी करा.

ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त भरला तर त्याच दिवशी कळवायचं. ‘दुधाचा ताप आहे’ असं घरी ठरवायचं नाही. स्तन तुडुंब भरल्यामुळे ताप येतो हे खरं, पण गर्भाशयाचा, लघवीचा किंवा टाक्यांचा तापही त्याच दिवसांत येतो. थर्मामीटर शेकानंतर लगेच लावू नका.

टाक्यांचा फोटो खिडकीच्या उजेडात, वीतभर अंतरावरून, फ्लॅश न लावता काढा. लाली पसरतेय का, पाणी किंवा पू येतोय का, कडा उघडल्यात का, एवढं त्यात दिसलं पाहिजे. असे फोटो घरच्या गॅलरीत जाऊन भलत्या ग्रुपवर पोचतात. पाठवून झाल्यावर फोनमधून काढून टाकायला सांगा, आणि दवाखान्याच्या फोनवरही व्हॉट्सॲपचे फोटो गॅलरीत आपोआप साठण्याची सोय बंद ठेवा. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखते, गरम लागते, तर चोळायचं नाही. रक्ताची गुठळी असू शकते, दाखवायला आणा.

बाजेखालच्या शेगडीबद्दलही सांगायला हवं. बंद खोलीत कोळसा धुमसला की कार्बन मोनॉक्साइड साठतो. बाळंतिणीचं डोकं जड होतं, मळमळतं आणि सगळे बीपीच्या मागे लागतात. ऑक्सिमीटर अशा वेळी ९८ दाखवत राहतो, कारण त्याला हा वायू चिकटलेलं रक्त वेगळं ओळखता येत नाही. आजीशी शेकावरून वाद घालायची गरज नाही. ‘आजी, शेक गरम पाण्याच्या पिशवीनं द्या, शेगडी अंगणात ठेवा’ एवढं सांगितलं की ऐकतात.

मनाचं विचारताना फोन स्पीकरवर नसावा

पहिले दोन आठवडे रडू येणं, चिडचिड होणं बऱ्याच जणींना होतं आणि ओसरतं. त्यापुढे टिकलं, किंवा बाळ झोपलं तरी झोप लागत नाही, कशात मन लागत नाही, बाळाकडे बघावंसं वाटत नाही, असं असेल तर ते नैराश्य असू शकतं. पण फोन नवऱ्याचा, स्पीकर चालू आणि खोलीत चार माणसं, अशात ‘बरी आहे’ शिवाय दुसरं उत्तर येणार नाही. तिला आधीच सांगून ठेवा : ‘ताई, मी विचारीन, तुम्ही फक्त हो किंवा नाही म्हणा. आत्ता बोलता येत नसेल, तर बाळ झोपलंय एवढं म्हणा, मी दुपारी परत लावते.’ दुपारी बाकीचे रानात गेले की बोलणं होतं. मुलगी झाली म्हणून घरात कुणी बोलतंय का, हेही तेव्हाच विचारा.

बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखण्यासाठी असलेल्या एडिनबर्ग प्रश्नावलीचे दहा प्रश्न फोनवर वाचून दाखवता येतात. एकूण ३० पैकी १० च्या पुढे गुण आले तर डॉक्टरांनी बोलावं. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा आहे. त्याला ‘कधीतरी’ असं उत्तर आलं तरी बाकीची बेरीज न बघता त्याच दिवशी पावलं उचला आणि तोवर तिला एकटं सोडू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. असंबद्ध बोलणं, भास होणं, दोन-दोन रात्री न झोपता चालत राहणं ही मानसिक तातडी आहे. त्याला ‘बाहेरचं’ समजून दिवस घालवू नयेत.

निघायचं तर कुठे

डिस्चार्ज कार्डाच्या मागे दवाखान्याचं नाव तिच्या घराच्या हिशेबानं लिहा. करवीर, पन्हाळ्याला कोल्हापुरातलं सीपीआर हे सरकारी रुग्णालय जवळ. इचलकरंजीकडे तिथलं आयजीएम रुग्णालय. शिरोळच्या टोकाला मिरज जवळ पडतं. आजऱ्याला गडहिंग्लजचं उपजिल्हा रुग्णालय, तर चंदगडच्या बऱ्याच गावांना बेळगावच सोयीचं. गगनबावड्याहून कोल्हापूर सुमारे ५५ किलोमीटर आहे. एवढ्या वाटेवर झटके येऊ शकतात, म्हणून वाटेतल्या आरोग्य केंद्रात झटके रोखणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस मिळेल का, ते आधी फोन करून विचारून ठेवा. १०८ ला फोन करताना गावासोबत वाडी आणि जवळची खूण सांगा. १०८ ला उशीर होणार असेल तर कुणाची गाडी, त्याचा नंबर कार्डावर हवा.

पावसाळ्यात हिशेब बदलतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, पण गावोगावचे बंधारे आणि आडरस्ते त्याच्या बरेच आधी पाण्याखाली जातात. जुलै-ऑगस्टमध्ये डिलिव्हरी झालेल्या बीपीवाल्या बाईचं माहेर पाण्यानं तुटणाऱ्या गावात असेल, तर पहिले दहा दिवस तिला शहरातल्या नातेवाइकांकडेच ठेवा. ते शक्य नसेल तर पॉवर बँक, जास्तीचे सेल आणि पंधरा दिवसांच्या गोळ्या सोबत द्या.

गळीत हंगामात ऊसतोडीच्या टोळ्यांमधल्या बायका इथेच बाळंत होतात. त्यांचं नाव इथल्या कुठल्याच यादीत नसतं, कोपीत (टोळीच्या झोपडीत) चार्जिंग नसतं आणि टोळी दर काही दिवसांनी हलते. नवऱ्यासोबत मुकादमाचाही नंबर घ्या, कारखाना आणि गट विचारून ठेवा, आणि जवळच्या आरोग्य केंद्राला कळवा. मशीनचा आग्रह न धरता आशाताईकडून किंवा उपकेंद्रात मोजून घेणं इथे जास्त चालतं. फोन संध्याकाळी, फडातून परतल्यावर करा.

४२ व्या दिवशी

प्रत्यक्ष तपासणी हवीच. बीपी, हिमोग्लोबिन, टाके, पाळणा लांबवण्याची साधनं, मन. गरोदरपणात साखर वाढलेली होती तिची ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांची चाचणी. ही चाचणी राहून जाते कारण तोवर बाई सासरी परतलेली असते, म्हणून तारीख डिस्चार्ज कार्डावरच घाला आणि आदल्या दिवशी मेसेज करा. लोह-फॉलिक ॲसिड आणि कॅल्शियमच्या गोळ्या डिलिव्हरीनंतर १८० दिवस घ्यायच्या आहेत, त्या किती उरल्यात ते मोजा. बीपीची गोळी अजून चालू असेल तर तिला फिजिशियनकडे पाठवा, आणि बीपी उतरला असला तरी वर्षातून एकदा मोजत रहायला सांगा. गरोदरपणात बीपी झालेल्यांना पुढे कायमचा बीपी आणि हृदयविकार होण्याचा धोका जास्त असतो.

मशीन परत आलं की सेल बदला, पट्टा पुसून वाळवा, मेमरी पुसा, घड्याळ लावा, दवाखान्याच्या मशीनशी पुन्हा ताडा आणि त्या तारखेची चिठ्ठी डब्यावर चिकटवूनच पुढच्या बाईला द्या.